पाच घरांचा डबा

आमच्या मजल्यावर समोरच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्याला अख्खी इमारत तुंबातात्या म्हणते. मोरी तुंबली, बेसिन तुंबलं, संडास तुंबला, की जो तो जिन्यात उभा राहून ओरडायचा, "तुंबलं हो, तात्या!" त्याचं तुंबातात्या कधी झालं ते कुणाला कळलंही नाही. नळ बसवणं आणि तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. त्या नळ्यांतून त्यांनी काय काय उपसलं ते त्यांनी सांगू नये आणि आपण ऐकू नये. केसांचे बोळे, कुजलेले उंदीर, वर्षानुवर्षं साचून मेणासारखं घट्ट झालेलं तेल. एकदा आमच्या न्हाणीघरात कोपरापर्यंत हात आत घालून त्यांनी एक लिबलिबीत लांबडं काहीतरी बाहेर काढलं, माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाले, "हा बघा ताई, तुमचाच ऐवज." त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. हे मात्र हात धुऊन तिथंच, उघड्या भोकाशेजारी पाटावर बसून, पाव आणि कांदा खात होते.

त्यांची बायको याच्या अगदी उलट. "शी" हा तिचा श्वासच होता म्हणा ना. नवरा घरी आला की जोडे दाराबाहेर, कपडे वेगळ्या बादलीत, साबण वेगळा, पंचा वेगळा. तात्या हसायचे. म्हणायचे, "घाणीला काय घाबरायचं? घाण म्हणजे कालचं जेवण." ती "शी शी" करत कानांवर हात ठेवायची. मग ती गेली, आणि त्या घरात साबण एकच उरला.

पुढे लेक दोन पोरांना घेऊन तात्यांकडे राहायला आली. जावई बोटीवर काम करतो, वर्षातला बराच काळ पाण्यावर. लेक दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला. तिला भल्या सकाळी निघावं लागायचं, म्हणून पोरांची तयारी आणि डबे आपसूकच तात्यांच्या गळ्यात पडले. मोठी नात मिरी. मिरीच्या दाण्याएवढी आणि तशीच तिखट. शाळेच्या मोठ्या गटात. धाकटा लोण्या, गुबगुबीत, नुकता छोट्या गटात जायला लागलेला.

लोण्याचं एक खूळ होतं. ताटात एका पदार्थाला दुसरा लागलेला त्याला चालायचा नाही. पहिल्या दिवशी तात्यांनी घरातल्या जुन्या गोल स्टीलच्या डब्यात पाव, उकडलेला बटाटा आणि वाटीत दही असं कोंबून दिलं. दही वाटीतून उसळलं, पावात मुरलं, बटाट्यावर पसरलं. लोण्यानं डबा उघडला, आत पाहिलं आणि डब्यातच ओकला. वर झाकण लावलं. ते तसंच घरी आलं. लेकीनं ते धुतलं आणि म्हणाली, "बाबा, कप्प्यांचा डबा घेऊन येऊ या."

दुकानात ती चौघं गेली, आणि भांडीवाल्याचं नशीब फिरलं. त्यानं आधी कप्प्यांचा स्टीलचा डबा दाखवला. तात्या म्हणाले, "पाणी आण." एका कप्प्यात पाणी भरलं, झाकण लावलं आणि डबा भांडीवाल्याच्या मेजावर उलटा केला. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिथून मेजावर. "अरे, ही भिंत झाकणापर्यंत पोचतच नाही," तात्या म्हणाले. "नुसता देखावा. कोरडं ठेवायला ठीक, ओल्याला नाही." मग प्लास्टिकचा, अस्वलाच्या तोंडासारखा. मिरी त्यावर झडप घालायला निघाली. तात्यांनी अस्वलाच्या कानात करंगळी घालून पाहिली. ती अडकली.

"काका, बोट कशाला घालताय?" भांडीवाला म्हणाला.

"धुवायला. जिथं बोट जात नाही तिथं घाण राहते."

लेकीचं म्हणणं वेगळं. "कडी पोरांना उघडली पाहिजे. नाहीतर बसतील बाईंची वाट बघत, सुट्टी संपेपर्यंत." मग लोण्याला एकेक डबा उघडायला दिला. त्यानं एक हातानं उघडला, एक आपटून उघडला आणि एकाची कडी दातांत धरली. लाळेची तार डब्यापासून त्याच्या हनुवटीपर्यंत लोंबली. भांडीवाल्यानं तो डबा फडक्यानं पुसून परत फळीवर ठेवला. कुणीतरी तो घेतलाच असेल. असो.

शेवटी पाच कप्प्यांचा डबा पसंत पडला. कोपरे गोल, झाकणाच्या आतून प्रत्येक कप्प्याच्या कडेवर घट्ट बसणारी रबराची पट्टी, ती पट्टी धुवायला काढता येणारी, कडी पोराच्या अंगठ्यानं सुटणारी. दह्यासाठी आत झाकणाची एक चिमुकली वाटी. उलटा केला तरी थेंब गळला नाही. हिरवा मिरीला, पिवळा लोण्याला. लोण्यानं दुकानातच कप्प्यांना घरं म्हणायला सुरुवात केली. गाजराचं घर, पावाचं घर. तेव्हापासून सगळेच घरं म्हणू लागले.

सुरुवातीला तात्या अगदी रंगात आले होते. पावाचे चौकोन, काकडीच्या चकत्या, द्राक्षं उभी चिरून, म्हणजे घशात अडकू नयेत, एका घरात छोट्या सुट्टीचा खाऊ. मला हाक मारून डबा दाखवायचे. मीही कौतुक करायचे.

मग शाळेला लागोपाठ सुट्ट्या आल्या. त्या संपायच्या बेताला त्यांच्या घरात वास यायला लागला. आंबूस, कुबट, गोडसर. नाकात शिरला की जिभेवर उतरणारा. तात्यांना वाटलं, नळीत काहीतरी मेलंय. त्यांनी आपल्या मोऱ्या उघडल्या, मग आमच्या उघडल्या, गच्चीवरच्या टाकीतही डोकावून आले. काही सापडेना. शेवटी पलंगामागे मिरीचं दप्तर सापडलं आणि दप्तरात हिरवा डबा.

पुढचं मी कानांनी ऐकलं. आधी झाकण सुटल्याचा फुस्स आवाज, मग भांडं पडल्याचा, मग तात्यांच्या ओकारीचा. अशी ओकारी, की आतडी बाहेर येतात की काय. मला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. धावत गेले तर तात्या मोरीच्या कठड्याला धरून बसलेले, डोळ्यांतून पाणी, चेहरा पांढराफटक. डबा जमिनीवर उघडा. एकदाच पाहिला. पाचही घरांत काय होतं ते ओळखू येत नव्हतं. एका घरात करडी लव उगवलेली, दुसऱ्यात पिवळा बुळबुळीत लगदा, तिसऱ्यात चावून थुंकलेला गोळा आणि त्यावर हिरवे ठिपके. या सगळ्याचं पाणी सुटून रबराच्या पट्टीखाली शिरलं होतं आणि तिथं काळं धरलं होतं. मी तोंडाला रुमाल लावला आणि पायानं झाकण वर ढकललं.

"तात्या, तुम्हाला? तुम्हाला ओकारी?"

"गटारातली घाण कुणाची नसते हो, ताई," ते धापा टाकत म्हणाले. "ही कुणाच्या तरी तोंडातून आलीय. आणि मी याच डब्यात माझ्या हातानं द्राक्षं भरली होती."

त्या दिवसापासून तात्यांनी शाळा सुटताच डबा उघडायचा नेम धरला, आणि मिरीचा डबा रोज घाण येऊ लागला. लोण्याचा नाही, त्याचा चाटूनपुसून स्वच्छ. मिरीचाच. ओल्या पावाचे गोळे. शेंबडासारखा दह्याचा लोळ. अर्धवट चघळलेली काकडी, चोथा वेगळा आणि साल वेगळी. तात्यांनी आधी सगळा दोष डब्यालाच दिला. ओल धरतो, हवा कोंडते, अन्न नासतं. त्यांनी डबा उकळत्या पाण्यात टाकला, तर झाकण होडीसारखं वाकलं. दुसरा तसाच हिरवा डबा आणला. रबराची पट्टी रोज काढून दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासायची, उन्हात वाळवायची. घासताना चेहरा असा करायचे, की जणू साप धुताहेत. पण दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा तसाच.

आणि जन्मभर उघड्या गटाराशेजारी जेवलेल्या माणसाचं जेवण सुटलं. ताटात दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की ताट सरकवायचे. पाव तोडला की त्यात लाळ दिसायची म्हणे. एकदा माझ्याकडे चहाला आले, आणि कप नुसता हातात धरून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पोरांची आजी मला वेगळा साबण द्यायची. मी थट्टा करायचो. तिला रोज असं होत असेल का हो, मी जवळ गेलो की?"

उत्तर सुचलं होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. चहावर साय धरली, आणि तात्या ती बघून उठून गेले.

एके दिवशी डब्यात उकडलेलं अंडं निघालं. अर्धं. चावलेलं. बलक बोटांनी उकरलेला. त्या घरात अंडं येतच नाही, लोण्याला त्याच्या वासानंच उमासे येतात. तात्यांनी मिरीला विचारलं, "हे कुणाचं?"

"माझंच."

"तुला अंडं दिलं कुणी?"

मिरीनं डबा ओढून झाकण लावलं. लेक संध्याकाळी घरी आली आणि तिनं पोरीला फैलावर घेतलं. दुसऱ्यांचं उष्टं खातेस, वर थुंकतेस, लाज वाटत नाही का, म्हणून. मिरी रडली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी चीजचा एक तुकडा आला. त्यावर समोरच्या दातांची अख्खी ओळ उमटलेली, चिमणीच्या नखाएवढे लहान दात, एकाशेजारी एक. तात्यांनी तो तुकडा कागदावर धरून पाहिला आणि म्हणाले, "मिरे, जरा हस बघू."

मिरी हसली. तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते. तिथं नुसती गुलाबी खिडकी.

"हे तुझं नाही," तात्या म्हणाले. मिरीनं चटकन ओठ मिटले आणि ती आत पळाली.

त्याच आठवड्यात शाळेतून मावशींचा निरोप आला. मुलांचं हात धुवायचं बेसिन तुंबलंय, लगेच या. तात्यांनी हल्ली कामं घेणं जवळजवळ बंद केलं होतं, हात घालावासाच वाटायचा नाही. पण शाळा नातवंडांची. ते गेले, आणि मला म्हणाले, पोरांना आणायला तुम्ही जा, मला किती वेळ लागेल सांगता येत नाही.

बेसिन मोठ्या गटाच्या दाराशेजारीच होतं. तात्या खाली आडवे झाले आणि बेसिनखालची वाकडी नळी सोडवली. तिच्यातून बादलीत पडलं ते सगळं खाणं. फुगलेले वाटाणे, पावाचा चिखल, गाजराचे तुकडे.

"इथं पोरं डबे ओततात की काय?" त्यांनी मावशींना विचारलं.

"ओतायची," मावशी म्हणाल्या. "रिकाम्या डब्याला बाई तारा देतात ना, भिंतीवर नावापुढं चिकटवायचा. मग कोण खातंय! सगळं इथं. मी बेसिनपाशी उभी राहायला लागले तेव्हा थांबलं."

"मग आता कुठं टाकतात?"

मावशींनी खांदे उडवले. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि तात्यांना दारातून उत्तर दिसलं.

मिरी खिडकीखालच्या बाकावर हिरवा डबा उघडून बसली होती. स्वतःचं खाणं तिनं घाईघाईनं, गालांत कोंबून संपवलं. मग पोरं आली. ढकलाढकली करत, डबे हातांत घेऊन. "मिरी, मला एक घर दे ना." "मिरी, माझं आधी." आणि मिरी घरमालकिणीच्या थाटात, "ओलं इकडे. अंडं त्या घरात. ए, वाटीत फक्त दही." पोरं ओतत होती. चमच्यानं, हातानं, थेट तोंडातून. एका शेंबड्या पोरानं गालातला घास काढून तिच्या तळहातावर ठेवला. नाकातून ओठापर्यंत आलेली धार त्यानं बाहीनं पुसली, तीच बाही घासालाही लागली. मिरीनं तो घास डब्यात टाकला, हात फ्रॉकला पुसला आणि म्हणाली, "आता तू इथं बस." तो बसला. सगळे तिच्याभोवती बसले होते. डबा भरला तशी तिनं झाकण दाबलं. ते बसेना. तिनं त्यावर कोपर टेकून जोर लावला. झाकण खट्कन बसलं आणि कडेतून पिवळं पाणी बाहेर आलं.

मग वर्गाच्या बाई तारे घेऊन फिरल्या. उघडे रिकामे डबे समोर धरलेले. शाबास, शाबास, मोबाइलमध्ये एकेकाचा फोटो. मिरीपाशी आल्यावर बाई थांबल्या. "मिरी, आज पण? घरी सांग, जेवढं खाशील तेवढंच द्या म्हणावं." आणि पुढं गेल्या. भिंतीवर सगळ्यांच्या नावांपुढं ताऱ्यांची रांग, मिरीच्या नावापुढं भिंत.

तात्या बेसिनखालून उठले. हात तसेच काळे. वर्ग खेळायला बाहेर गेल्यावर ते बाईंसमोर उभे राहिले.

"तुम्हाला हे दिसत नाही?"

बाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, स्वतःचा डबा उभ्यानंच उघडत होत्या. आधी म्हणाल्या, "काय?" मग तात्यांकडे पाहून त्यांनी डबा बंद केला. "आजोबा, पालकांना रोज रिकाम्या डब्याचा फोटो लागतो. नाही पाठवला तर फोनवर फोन. माझ्या पोरानं का खाल्लं नाही, तुम्ही लक्ष दिलं नाही. मी एकटी, इतकी मुलं. मिरीच्या डब्यात जातंय हे मला दिसलं. पण..." त्या अडखळल्या. "एकच डबा भरलेला जातो. तक्रार आली तर एकाच घरून येईल. आणि तुमच्याकडून कधी आली नाही."

तात्यांनी मला हे सांगताना मध्येच थांबून थुंकी गिळली. म्हणाले, "ताई, त्या बेसिनखालच्या नळीत जे होतं ना, ते मी हातात घेतलं आणि काही वाटलं नाही. पण ती बाई शांतपणे हे बोलली, तेव्हा मला पुन्हा उमळून आलं."

बाईंना ते एवढंच म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझ्या नातीची मोरी केलीत."

आणि त्यांनी बाकावरचा हिरवा डबा उचलला.

गेटवरचं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण लोण्याचा हात धरून मी तिथंच उभी होते. शाळा सुटलेली, आईबाप, आज्या, रिकाम्या बाबागाड्या. तात्या मधोमध आले, डबा तळहातावर ठेवला आणि कडी काढली. वास असा पसरला, की पुढची रांग मागच्या रांगेच्या पायांवर चढली.

"ही पाच घरं," तात्या म्हणाले. "भाडेकरू तुमच्याकडचे आहेत. ज्याचं त्यानं ओळखावं आणि घरी न्यावं."

"अहो आजोबा, काय हा गलिच्छपणा!" एक वडील ओरडले. "लहान मुलं आहेत इथं!"

"त्याच लहान मुलांच्या तोंडातला आहे."

"शी! बंद करा ते!"

"घाण वाटते? तुमच्याच ओट्यावरून निघालीय. सकाळी छान दिसत असेल."

एक बाई नाक दाबून पुढं वाकली. पिवळ्या लगद्यातून गाजराचं एक फूल डोकं वर काढून होतं, पाकळ्या व्यवस्थित कापलेल्या. "हे... हे मी कापलंय," ती म्हणाली. "मला आत्ता रिकाम्या डब्याचा फोटो आला. मी सगळ्यांना पाठवलाही." तिच्या शेजारच्या माणसानं कुंपणाकडे तोंड फिरवलं आणि तो चक्क ओकला. कुणी पोराच्या पाठीत धपाटा घातला, कुणी बाईंच्या नावानं शंख केला, कुणी तात्यांच्या. खोटं कशाला बोलू, मला थोडी मजाही वाटत होती.

मग मला मिरी दिसली. ती तात्यांच्या मागं उभी होती. कानांच्या पाळ्या लालबुंद. "आजोबा, बंद करा," ती हळूच म्हणत होती. "बंद करा ना." तात्यांना ऐकूच गेलं नाही. तिनं उडी मारून डबा ओढला. तो उलटला. सगळं तिच्या बुटांवर, मोज्यांवर, आत बोटांपर्यंत. पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "मिरी कचरापेटी!" आणि ते सगळ्यांनी उचललं.

माझी मजा तिथंच विरली. तात्या खाली बसले आणि हातानं ते बुटांवरचं निपटू लागले. मिरीनं पाय मागं घेतला. "हात नका लावू," ती म्हणाली. घरी येईपर्यंत ती माझ्या बाजूनं चालली.

भिंतीवरचे तारे दुसऱ्याच दिवशी निघाले. फोटोही बंद झाले. पोरांचे डबे भरलेले घरी जाऊ लागले, आणि आपली लेकरं काय काय खात नाहीत ते घरोघरी कळलं. त्या अर्थानं तात्या जिंकले. पण मिरी त्यांच्याशी बोलेना. डबा नेईना. पाव कागदात गुंडाळून न्यायची आणि तो तसाच चुरगळून परत आणायची.

लेक एक दिवस बापाला म्हणाली, दार उघडं होतं म्हणून मला ऐकू आलं, "बाबा, तुम्हाला घाण बाहेर काढता येते. बाहेर काढल्यावर ती कुणाच्या अंगावर पडेल, ते तुम्ही कधी बघितलं नाहीत."

मग मिरीच पलंगावरून बोलली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. "मला माहीत होतं ते घाण आहे. मला पण शी वाटायची. पण घर मागायला सगळे माझ्याकडे यायचे. आता कुणीच येत नाही."

मी माझं दार लावून घेतलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तात्या तिला घेऊन पुन्हा भांडीवाल्याकडे गेले. "तूच निवड," म्हणाले. भांडीवाल्यानं दोन कप्प्यांचे, तीन कप्प्यांचे, मजल्यांवर मजले असलेले, सगळे डबे मांडले. मिरीनं एकेक उघडला, कोपऱ्यांत बोट घालून पाहिलं आणि बाजूला सारला. शेवटी तिनं एक खोलगट, साधा, आत एकही भिंत नसलेला डबा उचलला.

"यात सगळं एकमेकांना लागेल गं," तात्या म्हणाले. "ओलं होईल."

"होऊ दे. यात घरं नकोत."

तोच घेतला. तात्या त्यात फक्त कोरडं देतात. पाव, गाजर, बिस्किटं.

वर्गातली पोरं हळूहळू तिला कचरापेटी म्हणायची विसरली, पण जवळ येऊन बसायला कुणी आलं नाही. एक तो शेंबडा पोरगा तेवढा आला. त्याला घर नको होतं, त्याला बसायचं होतं, असं मिरी म्हणते. हल्ली तो शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे खेळायलाही येतो. नाक कायम वाहतं. परवा मी गेले तर तात्यांच्या समोर बसून त्यांच्याच ताटातला पाव खात होता, अर्धा खाऊन उरलेला परत ताटात ठेवत होता, ओला. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मानेवरच्या शिरा टरारलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी ताट त्याच्याकडे आणखी थोडं सरकवलं, उठले, मोरीवर जाऊन चूळ भरली आणि परत येऊन बसले.

शाळेनं आता प्रत्येक वर्गात उरलंसुरलं टाकायला झाकणाची बादली ठेवली आहे. ती रोज धुतात की नाही, कुणास ठाऊक. तात्यांना मी विचारलं, तर म्हणाले, "नाव काढू नका, ताई. आत्ताच जेवलोय."